सतरा तास आणि दोन किलोमीटर

धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. तो तिकडे गेला तेव्हा आईने माझ्या मुलीचा पृथ्वीगोल मागवला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा बंगळूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणला. दोरा समुद्रावरून आडवा जाईल, अशी आमची समजूत. ओढता ओढता तो वर सरकला आणि उत्तर ध्रुवाच्या अंगाला जाऊन बसला. भिंतीवरच्या नकाशात जो वळसा वाटतो, तीच गोलावरची सर्वांत जवळची वाट. सरळ अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी या मार्गावरचे पहिले थेट विमान ध्रुवावरून बंगळूरला आणले. सुमारे सतरा तास लागले. आई म्हणाली, “म्हणजे एका दिवसाचीच वाट की रे!”

पूर्वी परदेशी पत्र पोचायलाच पंधरवडा लागे. आईवडील गेल्याचे मुलाला दिवसकार्य उरकल्यावर कळे, पण त्याला कोणी बोल लावत नसे. अंतरच त्याची बाजू मांडी. आता सतरा तास म्हटल्यावर ती सोय उरली नाही. येता येते, म्हणजे यायलाच हवे, असा हिशेब आपण करतो. त्यात रजा, तिकिटाचे पैसे, बंगळूरहून बेळगावची पाचशे किलोमीटरची रात्रीची बस, काहीच धरत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आई आजारी पडली. भावाचा फोन आला, “दादा, निघू का?” मी म्हणालो, “एवढ्यात नको. सतरा तासांची तर गोष्ट. लागलं तर कळवतो.” चौथ्या दिवशी पहाटे आई गेली. तो पोचला तेव्हा सगळे आटोपले होते. दहाव्याला नातेवाईक त्याच्यादेखत म्हणाले, “पोरानं शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.” त्याने मान खाली घातली. मी शेजारीच बसलो होतो. गप्प राहिलो.

आणि मी तरी कुठे होतो? आईचे घर शहापुरात, माझे टिळकवाडीत. जेमतेम दोन किलोमीटर. त्या रात्री ‘सकाळी जाऊ’ म्हणून मी घरी निजलो. सतरा तासांच्या भरवशावर मी त्याला थांबवले, दोन किलोमीटरांच्या भरवशावर स्वतः थांबलो. वाट जवळची झाली, की निघणे लांबते.

मग कर्तव्य कोणाचे चुकले? मला वाटते, दूरचा माणूस जवळच्याच्या डोळ्यांनी पाहतो, त्याच्या शब्दावर निघतो किंवा थांबतो. म्हणून जवळ असणाऱ्याचे पहिले कर्तव्य सेवेच्याही आधी खरे सांगण्याचे आहे. ‘एवढ्यात नको’ म्हणताना त्याची दगदग वाचावी हा हेतू होता. पण आईचे मी एकटा बघतो आहे, हा ताठाही त्यात होता.

आमच्या नात्यातली पुष्कळ मंडळी हा अंक वाचतात. म्हणून इथेच सांगतो: तो यायला निघाला होता. नको म्हणणारा मी होतो.