उत्पन्नाचा दाखला

वसईकडचे आमचे एक स्नेही गेल्या पावसाळ्यात घरी आले आणि बराच वेळ भाताच्या लावणीविषयीच बोलत बसले. निघताना मात्र पायरीवर थांबून त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या काळात दोन वर्षे त्यांनी शासनाकडून अर्ध्या फीची सवलत घेतली होती. त्यासाठी काढलेल्या दाखल्यात वाडीचे उत्पन्न दाखविले होते. दुकानाचे आणि भाड्याने दिलेल्या खोल्यांचे दाखविले नव्हते. मुलगी आता नोकरीला लागली आहे. "ते पैसे परत करावेत असे वाटते. पण कोणाला करायचे?" असे त्यांनी विचारले.

उत्तर आम्हांस तेव्हा सुचले नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रांसमोर ज्या रांगा लागतात, त्यांत आपल्यापैकी अनेकजण उभे राहिलेले असतात. म्हणून हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा आहे असे आम्ही मानीत नाही.

गरजू विद्यार्थ्याच्या फीचा भार शासनाने उचलावा ही कल्पना आपल्या राज्यात जुनी आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना उत्पन्नाच्या अटीवर फी-माफी सुरू झाली आणि 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचली. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी फी मिळते. २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींसाठी ही सवलत पूर्ण करण्यात आली. या साऱ्याचा पाया म्हणजे एक कागद. तलाठ्याचा अहवाल आणि अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र यांवर तहसीलदारांची सही होते व दाखला हाती पडतो. म्हणजे शेवटी सारे आपल्या शब्दावरच उभे असते.

या कागदाबाबत जी समर्थने ऐकू येतात ती सर्वांना पाठ आहेत. सगळेच करतात. आम्ही कर भरतो, त्यातले थोडे परत घेतले तर काय बिघडले? मुलीला नव्वद टक्के आहेत, तिचा तो हक्कच आहे. या शेवटच्या समर्थनात थोडा दोष भाषेचाही असावा. गुणवंताचे बक्षीस आणि गरजूचे साहाय्य या दोहोंना आपण 'शिष्यवृत्ती' हा एकच शब्द लावतो. वस्तुतः वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. ज्याचा निर्वाह चालला आहे त्याच्या हुशारीचे कौतुक खुशाल व्हावे, पण ते दुसऱ्या खात्यातून.

मर्यादेची रेषा सर्वांना सारखा न्याय देते असेही नाही, हे आम्ही मान्य करतो. एका मुलाच्या घराला ८ लाखांची अट आणि चार मुलांच्या घरालाही तीच. पगारदार शिक्षकाला 'फॉर्म १६' मुळे एक रुपयाही लपविता येत नाही. दुकानदाराला मात्र हवे तेवढे झाकता येते. रेषेच्या दहा हजार रुपये वर अडकलेल्या बापाचा जीव तळमळतो, तो का, हे आम्हांस कळते. त्याने त्या रेषेविरुद्ध बोलावे, अर्ज करावेत, मतदान करावे. मात्र खोट्या आकड्याखाली सही करण्याचा अधिकार त्या तळमळीने मिळत नाही.

"पण यात बुडाले कोणाचे?" असेही विचारले जाते. फीच्या सवलतीत बुडालेला माणूस दिसत नाही, हे खरे. तो दिसावा म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. केंद्र शासनाने २००७ मध्ये अल्पसंख्याक समाजांतील महाविद्यालयीन मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा प्रत्येक राज्यात प्रत्येक समाजासाठी जागांची संख्या ठरवून दिली होती, आणि निवड करताना गुणांपेक्षा दारिद्र्याला अधिक वजन द्यावे असा नियम होता. म्हणजे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घराने उत्पन्न कमी लिहिले तर यादीतून खाली ढकलले जाणारे मूल महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या ख्रिस्ती घरातले. कदाचित त्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारे.

त्या मागच्या बाकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या माहितीतील एक मुलगी वाणिज्य शाखेला होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करी. पहिल्या वर्षी मुलीने अर्ज भरलाच नाही. कारण विचारता म्हणाली, "नावांची यादी फलकावर लागते, सगळ्या मैत्रिणी वाचतात." त्या वर्षीची फी आईने बचतगटातून उचलली. आम्ही हे ऐकले तेव्हा मनात आले, ज्याला लाज वाटण्याचे काही कारण नाही तो संकोचाने घरी बसतो, आणि ज्याला वाटायला हवी तो ताठ मानेने रांगेत उभा असतो. लाजेचे हे असे उलटे वाटप का झाले असावे? गरिबी हा दोष आहे असे आपण कोठेतरी मनात धरले आहे. तसे नसते तर दुकान लपविण्याला 'हुशारी' आणि अर्ज भरण्याला 'हात पसरणे' ही नावे आपण दिली नसती.

प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट आहे. तेथे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून दिले जाई. लगेच पुढच्या अध्यायात हनन्या व सप्पीरा येतात. त्यांनी जमीन विकली, काही पैसा मागे ठेवला आणि सर्व आणल्याचा बहाणा केला. पेत्राने त्यांना पैसा राखल्याबद्दल दोष दिला नाही. जमीन तुमची होती, पैसाही तुमचाच होता, असेच तो म्हणाला. दोष ठेवला तो खोटे बोलण्याला. गरजेनुसार वाटप सुरू झाले की खोट्या आकड्याचा मोह पाठोपाठ येतो, हे त्या लेखकाला ठाऊक असावे.

आमचे स्नेही पुन्हा आले तेव्हा त्यांनी तोडगा काढला होता. ती रक्कम धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीला द्यावी, आईच्या स्मरणार्थ. कल्पना चांगली होती आणि निधीला पैशांची गरजही होती. तरी आम्हांस ती पटली नाही. ज्याचे घेतले तो सापडतच नसेल तर गोरगरिबांना द्यावे, असे जुने नीतिशास्त्र सांगते. येथे ज्याचे घेतले तो सापडतो. त्याचे कार्यालय तालुक्याच्या गावीच आहे. शिवाय दुसऱ्याच्या पैशाने आईचे स्मरण कसे करायचे? हे त्यांना सांगताना आमचाही आवाज थोडा खाली आला, कारण आमच्या स्वतःच्या तरुणपणीचे काही कागद आम्हांस आठवत होते.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग, सरकारी तिजोरीत पैसे भरायचे तर चलनावर कारण लिहावे लागते का, असे त्यांनी विचारले.