निवड देवाची, अधिकार सोपवलेला

आजचे वाचन : उत्पत्ती १८:१७-१९, २५:१९-२८, २७:१-१७, २८:१-५, रोमकरांस पत्र ९:१०-१६



देवाच्या निवडीचा विषय निघाला की आपण रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय उघडतो आणि लगेच वादात शिरतो. पण पौलाने तिथे उदाहरण घेतलंय ते एका घरातलं, एकाच आईच्या पोटातल्या जुळ्या मुलांचं. म्हणून आज आपण निवडीकडे घरातूनच पाहू या.

आधी उत्पत्ती १८:१९ पाहा. देव म्हणतो, मी अब्राहामाला निवडलं ते यासाठी की त्याने आपल्या लेकरांना आणि घराण्याला परमेश्वराच्या मार्गाने चालायची आज्ञा द्यावी. निवड आणि आईबापाचा अधिकार, दोन्ही एकाच वचनात! पण क्रम लक्षात घ्या. निवड आधी आहे, अधिकार तिच्यातून आला आहे. आणि अधिकाराचं कामही ठरवून दिलंय : मार्ग शिकवणं, न्याय-नीती शिकवणं. लेकरांपैकी कोणाला निवडायचं, हे काम अब्राहामाकडे दिलेलं नाही. त्याने इश्माएलासाठी विनंती केली तेव्हा देवाने ती ऐकली, इश्माएलाला आशीर्वादही दिला. पण करार इसहाकाशीच केला (उत्पत्ती १७:१८-२१).

आता इसहाकाच्या घरात या. लग्नाच्या वेळी तो ४० वर्षांचा होता आणि मुलं झाली तेव्हा ६० वर्षांचा. म्हणजे २० वर्षं वाट पाहून मिळालेली ही लेकरं. जन्माआधीच देवाने रिबकेला सांगितलं होतं की थोरला धाकट्याची सेवा करील. पण पुढे काय झालं? बापाला शिकारीचं मांस आवडायचं म्हणून त्याचा जीव एसावावर, आणि आईचा जीव याकोबावर. एका घरात दोन पक्ष पडले.

२७ व्या अध्यायात दोघंही आपला अधिकार वापरतात, आणि दोघंही चुकीच्या जागी वापरतात. इसहाक एकट्या एसावाला बोलावून आशीर्वाद देऊन टाकायला निघतो, जणू आशीर्वाद ही त्याच्या मर्जीची वस्तू आहे. रिबकेची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. देवाने कोणाला निवडलंय हे तिला ठाऊक होतं. तिचं ज्ञान बरोबर होतं! पण ती मुलाला सांगते की माझं ऐक, मी सांगते तसं कर, आणि आईच्या शब्दाचं वजन वापरून त्याला बापाशी खोटं बोलायला लावते. शाप लागला तर मला लागो, असंही म्हणते. देवाची निवड खरी करायला तिला करडांची कातडी आणि थोरल्याचे कपडे लागले.

देवाला या मदतीची गरज होती का? मुळीच नाही. तिची किंमत मात्र घराने मोजली. थोडे दिवस मामाकडे राहा म्हणून पाठवलेला याकोब लाबानाकडे २० वर्षं राहिला. आई-लेकाची पुन्हा भेट झाल्याची नोंद पवित्र शास्त्रात कुठेच नाही. निवड टळली नाही, पण घर मोडलं.

आणि इसहाक? सत्य कळल्यावर तो थरथर कापला, पण दिलेला आशीर्वाद त्याने मागे घेतला नाही. २८ व्या अध्यायाच्या सुरुवातीला तो याकोबाला स्वतः बोलावतो, आज्ञा देतो आणि अब्राहामाचा आशीर्वाद उघडपणे त्याच्यावर ठेवतो. बाप तोच, अधिकारही तोच. पण आता तो देवाच्या निवडीखाली आला आहे. इब्री लोकांस पत्र ११:२० मध्ये इसहाकाच्या आशीर्वादाची नोंद विश्वासाचं काम म्हणून झाली आहे.

आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी मला विचारलं, "बाळा, माझा लेक चर्चला येत नाही, प्रार्थनेला बसत नाही. देवाने त्याला निवडलंच नसेल का रे?" हा प्रश्न किती घरांत रात्री जागा असतो! मी त्यांना रोमकरांस पत्रातल्याच दोन जागा दाखवल्या. ९ व्या अध्यायात निवडीविषयी लिहिण्याआधी पौल आपल्या लोकांसाठी मनात सतत असलेलं दुःख सांगतो. आणि १० व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करतो. निवडीवर ज्याचा एवढा विश्वास, त्याने गुडघे टेकणं सोडलं नाही. मग आपण का सोडावं? कोणाचं नाव कुठे लिहिलंय हे पाहायला देवाने आपल्याला ठेवलेलं नाही. लेकराचा हात आपल्या हातात दिलाय, तो प्रार्थनेत धरून ठेवायला.

इफिसकरांस पत्र ६:१-४ मध्ये लेकरांना आज्ञा आहे की प्रभूमध्ये आईबापांचं ऐका. आणि बापांना आज्ञा आहे की मुलांना चिडीला आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा. मला दोन लहान मुलं आहेत, म्हणून हे वचन मी स्वतःसाठीही वाचतो. घरात कौटुंबिक प्रार्थना ठेवणं, खोटं चालणार नाही हे ठामपणे सांगणं, मंडळीत घेऊन जाणं, हा आपला अधिकार आहे. त्यात ढिलाई नको. पण धाक दाखवून विश्वास उत्पन्न करता येत नाही. एकाला "हा देवाचा" आणि दुसऱ्याला "हा वाया गेलेला" असा शिक्का मारायचा हक्क तर आपल्याला अजिबात नाही. निवड दयेने होते (रोम ९:१६), आणि आईबाप म्हणून आपण स्वतः त्याच दयेवर उभे आहोत.

आज एवढंच करा. ज्या लेकराविषयी तुमच्या मनात निकाल लागून गेलाय, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. आणि आज त्याला एक फोन करा, उपदेश न करता.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमची लेकरं आधी तुझी आहेत. आम्हांला दिलेला अधिकार प्रीतीने आणि खरेपणाने वापरायला शिकव. जे तुझ्या हातात आहे ते आमच्या हातात ओढून घेण्यापासून आम्हांला राख. दूर गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीवर दया कर. प्रभू येशूच्या नावात मागतो, आमेन.