गेलेले आणि राहिलेले

मृगाचा पाऊस कोकणांत स्थिरावतो न स्थिरावतो तोंच पदवी-परीक्षांचे निकाल लागूं लागतात, आणि मालवणापासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या ज्या घरांत एखादा मुलगा पदवीधर झाला असेल त्या त्या घरीं पेढ्यांबरोबर एक प्रश्न येतो. तो प्रश्न 'मुंबईस जाणार काय?' असा नसतो. 'मुंबईस केव्हां जाणार?' असा असतो. दोहोंत एका शब्दाचेंच अंतर आहे. परंतु पहिल्या प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर देतां येतें, आणि दुसऱ्यास तें देण्याची सोयच ठेवलेली नाहीं.

सोय नसावी यांत नवलही नाहीं. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं; पण येथील महाविद्यालयें मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालीं वाढलीं, आणि मालवणच्या महाविद्यालयास नांव आहे तें स. का. पाटील यांचें, म्हणजे याच मुलखांतून मुंबईस जाऊन त्या नगरीचे महापौर झालेल्या गृहस्थांचें. ज्यानें मुंबई डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं त्याच्याही पदवीपत्रावर मुंबईचें नांव असतें. अशा मुलानें 'जाऊं कीं नको' असा विचार करीत बसणें हेंच लोकांस चमत्कारिक वाटावें.

कांहीं दिवसांपूर्वीं असाच एक चमत्कारिक तरुण आमच्याकडे सल्ला विचारावयास आला. "तात्यानू, मियां मुंबैक जांव काय?" असें त्यानें विचारलें. त्यांतला तो 'काय' ऐकून आम्हांस बरें वाटलें. येथें मिळणारी नोकरी, तेथें मिळणारा पगार, खोलीचें भाडें, गाडींत उभें राहून जाणारे रोजचे तीन तास, या साऱ्यांचा हिशेब आम्हीं त्याच्याबरोबर केला. हिशेब येथें राहण्याच्या अगदींच विरुद्ध गेला असें नाहीं. तारकर्लीस प्रवासी येऊं लागल्यापासून किनाऱ्यावर चार नवे धंदे उभे राहिले आहेत, आणि त्याला पोटापुरतें मिळण्यासारखें होतें. तो ऐकत होता. शेवटीं म्हणाला, "पण हयसर रवलंय तर लोक काय म्हणतले?"

आमचा सारा हिशेब या एका वाक्यानें फुकट गेला.

आपल्या भाषेंतील 'राहणें' हें क्रियापद मोठें विलक्षण आहे. वास्तव्य करणें हा त्याचा एक अर्थ. उरणें, मागें पडणें, अपुरें असणें हा दुसरा. 'तो गांवीं राहतो' या वाक्यांत उणें कांहीं नाहीं. पण 'तो गांवींच राहिला' असें म्हटलें कीं ऐकणारा मनांत चुकचुकतो. लग्न राहिलें, शिक्षण राहिलें, घराची डागडुजी राहिली, आणि त्याच ओळींत मुलगा राहिला. उलटपक्षीं 'गेला' हा शब्द एरवीं कानांवर आला तर काळजाचा ठोका चुकावयाचा. परंतु 'मुंबईस गेला' यांत मात्र आमच्या मुलखाला अभिमान वाटतो.

कठोपनिषदांत श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगितला आहे, आणि असल्या प्रश्नांत आपले विद्वान तो तत्काळ पुढें करतात: गांव म्हणजे श्रेय, शहर म्हणजे प्रेय. आम्हांस ही वांटणी पटत नाहीं. दोन्हीं वाटांवर दोन्हीं गोष्टी आहेत. घरीं राहण्यांत आईच्या हातच्या जेवणाचें प्रेय आहे, आणि परक्या शहरांत आपली योग्यता पारखून घेण्यांत श्रेय आहे. शिवाय श्रेय-प्रेयाचा विवेक करावयास दोन्हीं दारें उघडीं असावीं लागतात. ज्या निवडींत एक बाजू मानाची आणि दुसरीबद्दल जन्मभर खुलासा करीत राहावयाचें, तिला निवड म्हणणें हा शब्दांचा गैरवापर होय.

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वींचा चाकरमानी या पेंचांत सांपडत नसे. आगबोटीनें मुंबई गांठावी, लालबाग-परळकडे गांवकऱ्यांच्या खोलींत वळकटी टाकावी, एखाद्या बाईच्या खानावळींत जेवावें, पाळीपाळीनें गिरणींत राबावें आणि दरमहा मनिऑर्डर करावी, हा क्रम ठरलेला. भातशेतीवर वर्षाचें पोट भरत नसे. सावकारास आणि बहिणीच्या लग्नास रोकड लागे, आणि ती रोकड गिरणींत होती. तो गेला असें म्हणण्यापेक्षां घरानें आपला एक हात मुंबईपर्यंत लांब केला असें म्हणणें अधिक खरें. त्याची इच्छा कोणीं विचारली नव्हती. परंतु कर्तव्य स्पष्ट होतें, आणि पोस्टमन दारांत येई त्या दिवशीं तें रुपये-आण्यांत मोजतांही येत असे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली ती संपांत. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते, आणि तो रीतसर मागें असा कधीं घेतलाच गेला नाहीं. मुंबईंत चूल पेटेनाशी झाली तेव्हां कोकणांतले आणि घाटावरचे हजारों कामगार आपापल्या गांवीं परतले. इतकीं वर्षें मनिऑर्डर ज्या दिशेनें वाहत आली होती तिच्या उलट दिशेनें आतां गांवचे तांदूळ वाहूं लागले. परतावयास घर होतें, कारण कोणीतरी तें सोडलें नव्हतें. ज्याला 'राहिला' म्हणून हिणवलें त्यानें लावलेलें भात, जो 'गेला' त्याच्या पानांत पडलें. संपाच्या यशापयशाबद्दल वाद खुशाल चालोत; पण कोणाच्या जाण्याला कोणाच्या राहण्याचा आधार होता, हें त्या एका वर्षानें जितकें उघड केलें तितकें त्यापूर्वींच्या शंभर वर्षांनीं केलें नव्हतें.

आजचा पदवीधर घराचा हात म्हणून जात नाहीं. तो स्वतः जातो. क्रियापद तेंच, क्रिया निराळी. तो ज्या मुंबईस जातो तीही आजोबांची नव्हे. गिरणगांवांतील धुराडीं थंड झालीं, आणि नवा चाकरमानी विरारला किंवा डोंबिवलीला उतरूं लागला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती सुमारें साडेसात टक्क्यांनीं घटली. त्याच काळांत सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. जिकडून निघावयाचें तें गांव आणि जिथें पोंचावयाचें तें गिरणगांव, दोन्हीं एकाच दशकांत ओसरलीं, असा हा मौजेचा हिशेब आहे.

स्वतःसाठीं जाण्यांत पाप आहे असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. गांवाचे गोडवे गाणाऱ्यांत दादरच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे पुष्कळ असतात. त्यांच्या लेखांत शेणानें सारवलेलें अंगण येतें, पण तें कोण सारवीत असे तें येत नाहीं. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतलें आंबडवे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं संविधान सभेंत त्यांनीं ग्रामगौरवावर जे कठोर शब्द उच्चारले ते शहरी माणसाच्या तुच्छतेंतून आलेले नव्हते. पाणवठा ज्याला बंद होता त्याला गांवच्या विहिरीची आठवण गोड कशी लागावी? जेथें आपली जात कोणी विचारीत नाहीं अशा गर्दींत मिसळून जाणें ही कित्येकांच्या वांट्याला आलेली पहिली मोकळीक होती, आणि आजही ती अगदींच जुनी झालेली नाहीं.

मुलींची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 'जाऊं कीं राहूं' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांनींच विचारला, कारण मुलीचें जाणें ठरलेलेंच होतें. फक्त तें सासरीं होतें. आणि ज्या घरांतले पुरुष मुंबईस, त्या घरांत सून म्हणून राहणेंही तिचेंच. २०११ च्या जनगणनेंत या जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें १०३६ स्त्रिया होत्या. या आंकड्यांत त्या राहण्याचा इतिहास आहे. आतां सावंतवाडीची एखादी पदवीधर मुलगी आपल्या पगारासाठीं ठाण्यास खोली घेऊन राहते, तेव्हां तिला मातृभूमीची आठवण करून देण्यास आमची जीभ उचलत नाहीं.

तर मग राहण्याची थोरवी सांगावयाची कोणाच्या उदाहरणानें? असा प्रसंग आला कीं दोन नांवें हटकून निघतात. वि. स. खांडेकर सांगलीचे, फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकलेले. पदवी पुरी झाली नाहीं, पण पुण्या-मुंबईस नांव काढण्याइतकी बुद्धि होती. ते १९२० मध्यें शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथें राहिले. आप्पासाहेब पटवर्धनांनीं पुण्यांतली प्राध्यापकी सोडली, कोकणांत भंगीकामापासून सारें काम केलें, आणि १९४८ मध्यें कणकवलीस गोपुरी आश्रम उभा केला. दोघांबद्दलही आमच्या मनांत आदर आहे. परंतु खांडेकर ज्या शाळेंत शिकवीत तेथेंच शिरोड्याचाच एखादा तरुण जन्मभर शिकवीत राहिला असता, तर त्याला ध्येयवादी कोणीं म्हटलें असतें? 'बिचाऱ्याला बाहेर पडतां आलें नाहीं' एवढेंच त्याच्याबद्दल बोलले असते. वर्ग तोच, खडू तोच, पगारही फारसा निराळा नव्हे. बाहेरून आलेल्याचें राहणें हा त्याग ठरतो आणि गांवच्याचें राहणें हा भित्रेपणा ठरतो. म्हणजे आपण राहण्याचा मान करीत नाहीं; सोडून येण्याचाच करतों. खांडेकरांचें नांव घेऊन गांवच्या मुलास 'राहा' असें सांगणें म्हणूनच अप्रामाणिकपणाचें आहे. शेवटीं खांडेकरही कोल्हापुरास गेले, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसऱ्या बाजूचे लोक चिं. त्र्यं. खानोलकरांकडे बोट दाखवतात. कुडाळांत खानावळ चालवणारा हा कवि १९५९ मध्यें मुंबईस गेला, आणि तेथें बसून त्यानें कोकणच लिहिलें. गेला म्हणून लिहूं शकला, कीं इतकीं वर्षें राहिला होता म्हणून? याचें उत्तर कोणी देऊं शकेल असें वाटत नाहीं. आणि असामान्यांच्या चरित्रांवरून सामान्यांचे संसार ठरवूंही नयेत.

सामान्याचें उदाहरण पाहावयाचें तर देवगडच्या आंब्याच्या बागांत जावें. तेथें राखणीला आणि मेहनतीच्या कामाला नेपाळांतले तरुण असतात. बागवाल्याचा मुलगा मुंबईस, आणि त्याच्या कलमांखालीं हिमालयांतला मुलगा. त्याच्या गांवींही कोणी म्हातारी 'तो देवगडास गेला' असें अभिमानानें सांगत असेल. देवगड हीच त्याची मुंबई.

रापण ज्यांनीं पाहिली आहे त्यांस आमचें म्हणणें लवकर कळेल. होडींतून समुद्रांत मोठें अर्धवर्तुळ करून जाळें सोडतात, त्याचीं दोन्हीं टोकें किनाऱ्यावर आणतात, आणि मग दोहों बाजूंनीं माणसें रांगेनें दोर ओढूं लागतात. मासळीचे वांटे ठरलेले असतात. एका बाजूचे हात कमी पडले तर दुसऱ्या बाजूनें कितीही जोर केला तरी जाळें नीट वर येत नाहीं. दोर सोडून जाणाऱ्यास कोणी अडवीत नाहीं. पण त्याच्या जागेचा ओढा शेजारच्या हातावर पडतो, आणि तो शेजारी 'राहिला' म्हणून ओढतो. चतुर्थीस पांच दिवस येऊन, देवळाच्या जीर्णोद्धारास वर्गणी देऊन, हा ओढा फिटतो असें जाणाऱ्यांस वाटतें. वर्गणी देवळास पोंचते. शेजाऱ्याच्या तळहातास ती पोंचत नाहीं.

त्या तरुणास आम्हीं यांपैकीं थोडेंच सांगितलें. निघतां निघतां सहज विचारलें, घरीं कोण कोण आहे? वडील वारले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि थोरला भाऊ. भाऊ बारावी होऊन घरींच असतो. रापणींतला घराचा वांटा तोच सांभाळतो, आईला कुडाळास दवाखान्यांत तोच नेतो, आणि याच्या पदवीच्या फीचे पैसेही त्यानेंच भरले. मुलगा हुशार होता काय, असें आम्हीं विचारलें. "माझ्यापरास," तो म्हणाला.

"त्याला मुंबईस जावयाचें होतें काय?"

तो बराच वेळ पायांतल्या चपलेकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "तेका कोणीच कधी इचारूक नाय."