कलिंगाला न सांगितलेला अनुताप

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे वाकाटकांच्या एका शाखेचा राजा हरिषेण राज्य करीत होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघाला अर्पण केले. त्या विहाराच्या भिंतीवरील शिलालेखात बुद्धाला वंदन आहे आणि वाकाटक राजांच्या पराक्रमाचे वर्णनही आहे. हरिषेणाच्या स्तुतीत कुंतल, अवंती, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची नावे येतात आणि त्यांतच कलिंगही येतो. विहाराच्या भिंतीवर ही नामावळी लिहविताना वराहदेवाला काही विसंगत वाटले असेल, असे दिसत नाही. राजस्तुतीची रीतच तशी होती.

वाचणारा मात्र कलिंग या नावापाशी थबकतो. त्यापूर्वी सुमारे सातशे वर्षे दुसऱ्या एका राजाने हेच नाव शिळेवर कोरविले होते, पण ते अनुतापाने. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंग जिंकला. तेराव्या शिलालेखात तो स्वतःच हिशेब देतो : १,५०,००० माणसे देशोधडीला लागली, १,००,००० मारली गेली आणि त्यांच्या कितीतरी पट मरण पावली. पुढचा विचार तर फार सूक्ष्म आहे. जो स्वतः वाचला, पण ज्याचे स्नेही आणि आप्त संकटात सापडले, त्यालाही ती इजाच होय, असे हा विजेता म्हणतो. शत्रूच्या घरातील शोक इतक्या जवळून पाहिलेला जेता विरळाच.

अशोक एका रात्रीत बदलला, ही आपली शाळकरी समजूत आहे. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही, अशी कबुली त्याने दुसऱ्या एका लेखात दिली आहे. मला ती कबुली अधिक विश्वसनीय वाटते.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. हा तेरावा लेख गिरनारला आहे, कालसीला आहे, दूर वायव्येस शाहबाझगढीलाही आहे. (याच मालिकेतील इतर लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यास मिळाले आहेत.) मात्र ज्या कलिंगात रक्त सांडले, तेथे धौली आणि जौगड येथील शिळांवर मालिकेतील इतर लेख असूनही हा लेख नाही. साऱ्या जगाला सांगितलेला अनुताप ज्यांना घाव बसला त्यांनाच सांगितला गेला नाही. ही लज्जा की राजनीती? की जखमेवरची खपली काढू नये, एवढाच विवेक?

राजनीती नव्हतीच, असे म्हणवत नाही. कलिंग परत केल्याचा उल्लेख कोठेही नाही, आणि त्याच तेराव्या लेखात अरण्यवासी टोळ्यांना बजावले आहे की अनुताप झाला असला तरी राजाचे सामर्थ्य शाबूत आहे. शुभवर्तमानातील जक्कयाने लुबाडलेल्याच्या चौपट परत देण्याची तयारी दाखविली. पण त्याने लुबाडले होते ते धन. दीड लाख माणसे चौपटीने कशी परत द्यावी? आणि ज्याची भरपाई अशक्य आहे, त्याबद्दल क्षमा मागणे हा पीडितावर टाकलेला आणखी एक भार तर नव्हे? ज्याचा मुलगा गेला त्याने राजाचे सांत्वन करावयाचे काय?

तरीही क्षमा न मागण्याची ही पळवाट मला पुरती पटत नाही. अपराध्याच्या तोंडून अपराधाचे नाव ऐकण्याचा हक्क पीडिताला असतो. तो घ्यावा की न घ्यावा, हे त्याने ठरवावयाचे.

तेराव्या लेखाऐवजी कलिंगात दोन वेगळे लेख कोरले आहेत. त्यांत राजा तोसलीच्या अधिकाऱ्यांना सांगतो की सर्व माणसे माझी लेकरे आहेत. कोणाला विनाकारण बंदीत टाकू नका, छळू नका. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, मधल्या दिवसांतही वाचावा, आणि ऐकणारा एकटाच असेल तरी त्याला ऐकवावा, अशी आज्ञा आहे. त्या एकट्या ऐकणाऱ्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तोसलीच्या चावडीवर एखादी म्हातारी बसली असेल, तिची दोन मुले त्या लाखांत गेली असतील. अधिकारी ‘माझी लेकरे’ हा शब्द वाचतो. त्या शब्दाशी तिने मान वर केली असेल की खाली घातली असेल?