तुटलेला स्टड आणि माझं ‘नाही’

स्टड तुटताना फार आवाज होत नाही. हाताला लागणारा जोर अचानक नाहीसा होतो आणि पाना मोकळा फिरतो.

बाबांची 1998 सालची मारुती 800 सुरू केली की फटफट वाजायची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गेली होती. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरमधला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग. इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेल्या स्टडवर, म्हणजे डोकं नसलेल्या बोल्टवर, तो नटांनी आवळलेला असतो. रविवार होता, गाठीशी इंजिनिअरिंगची डिग्री होती. मीच पाना लावला. दुसऱ्याच नटाला स्टड हेडच्या अगदी लगत तुटला.

मी लगेच स्वतःची बाजू मांडायला लागलो, मनातल्या मनात. स्टड पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पंचवीस वर्षं तापणं, निवणं, त्यात ओल आणि गंज. स्टड आट्यांमध्ये कधीच जाम झाला होता. माझा हात फक्त शेवटचा. हा युक्तिवाद मला आजही बरोबर वाटतो.

पण बाबा बाजारातून यायच्या आत सगळं निस्तरायचं होतं. तुटक्या स्टडला भोक पाडलं आणि त्यात इझी-आउट घातला. हा उलट्या आट्यांचा, कडक पोलादाचा तुकडा असतो. तो घट्ट रुततो आणि स्टडला फिरवून बाहेर काढतो. मी घाईत जोर केला आणि तोही आतच तुटला. आता साधं ड्रिल चालणार नव्हतं. कडक तुकड्यावरून ते घसरतं आणि शेजारचं मऊ अॅल्युमिनियम खातं. इथे दोष द्यायला गंजही नव्हता.

उरलेल्या नटांवर मॅनिफोल्ड कसाबसा बसवून गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी सगळं उघडलं, काळवंडलेल्या हेडकडे बघितलं आणि विचारलं, “आधी कुणी काही केलंय का यात?”

मी म्हणालो, “नाही.”

का म्हणालो? त्यांना माझ्याबद्दल काय वाटेल, याने माझं काही बिघडणार नव्हतं. तरी म्हणालो.

त्यांनी हाताखालच्या पोराला हाक मारली. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. डोळ्यांवर गॉगल नव्हता. त्याने ड्रिल टेकवलं, किंचाळल्यासारखा आवाज आला आणि बिट सरकला. तो आणखी जोर लावायला वाकला, तेव्हा मी ओरडलो, “थांब! आत इझी-आउट तुटलाय. माझ्याकडून.”

मिस्त्री चिडले नाहीत. म्हणाले, “मग मघाशी सांगायचं ना, साहेब. बिट तुटून उडाला असता तर पोराचा डोळा गेला असता.”

आमच्या क्षेत्रात सर्व्हर कोसळला की ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टम’ करतात. चूक कुणाची हे न विचारता काय घडलं ते लिहायचं. मला वाटायचं, ही चुकणाऱ्यावर केलेली दया आहे. त्या दिवशी कळलं की त्यात एक अट आहे. कुणी दोष देणार नाही, म्हणून तरी काय घडलं ते पूर्ण सांगायचं. दोष वाटून घेता येतो. थोडा गंजाचा, थोडा वयाचा, थोडा माझा. माहिती मात्र फक्त माझ्याकडे होती. ती दाबली तेव्हा धोका माझ्यावरून उठून त्या पोरावर गेला. खोटं बोलणं वाईट, हे लहानपणापासून ऐकलंय. त्याची किंमत कुणाच्या डोळ्याने मोजली जाईल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

मिस्त्रींनी तुकड्यावर थोडं थोडं वेल्डिंग चढवलं, वर एक नट वेल्ड केला आणि निवू दिलं. मग पाना लावून पाव फेरा पुढे, पाव मागे. कुठेही घाई नाही. दहाएक मिनिटांनी स्टड बाहेर आला, पोटात माझा इझी-आउट घेऊन.

नवा स्टड लावण्याआधी त्यांनी त्याच्या आट्यांना कॉपर ग्रीस फासलं. मी विचारलं, कशाला?

“पुढं कधी कुणाला काढावा लागला, तर सुटायला पाहिजे.”

तो कुणीतरी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, त्या ‘नाही’सकट.