कर्ण एकदा सांगून संपला नाही

नव्या कादंबरीकाराला दोन शंका फार छळतात. आपण लिहितोय ते आधीच कुणी लिहून ठेवलंय का, ही पहिली. आणि आपल्या लेखनाला तेवढा कस आहे का, ही दुसरी. या शंकांपायी चांगली जाण असलेली मुलंमुली तीसचाळीस पानांवर थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या शंकेचं उत्तर मराठी कादंबरीनेच देऊन ठेवलं आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, तेव्हा कर्णाची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? कवचकुंडलं, परशुरामांचा शाप, रुतलेलं चाक, सगळं घरोघरी माहीत होतं. सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांनाही बोलतं केलं. बायको आणि धाकटा भाऊ बोलू लागले, तसा रणांगणावरचा योद्धा घरातला माणूस झाला. निवेदनाची ही रीतही मराठीला अनोळखी नव्हती. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या ‘ययाति’त ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतातच. पुढे १९७३ मध्ये रणजित देसाईंनी त्याच कर्णावर ‘राधेय’ लिहिली. ‘मृत्युंजय’ वाचकांच्या मनात ठाण मांडून बसलेली असतानाही त्यांचा हात अडला नाही. आज दोन्ही कादंबऱ्या वाचल्या जातात.

म्हणून विषय जुना आहे का, यापेक्षा तो कुणाच्या डोळ्यांनी बघायचा, हा प्रश्न स्वतःला विचारावा. शेतकऱ्याच्या कर्जावर पुष्कळ लिहून झालंय, हे खरं. पण गावातल्या कृषी केंद्राचा मालक घ्या. बियाणं, खत, फवारणीचं औषध त्याने सुगीच्या बोलीवर उधार दिलंय. एका सकाळी गावात मयत होते. तो मयतीला जाऊन येतो, आंघोळ करून दुकान उघडतो आणि उधारीच्या वहीत त्या नावाचं पान काढतो. आकडा खोडायचा, की मुलाच्या नावावर चढवायचा? त्या पानाशी बसलेला माणूस तुम्ही जवळून पाहिला असेल, तर ती कादंबरी तुमचीच आहे.

आता दर्जाचं. श्री. ना. पेंडशांची पहिली कादंबरी ‘एल्गार’ १९४९ ची, मग १९५० ला ‘हद्दपार’, आणि १९५२ ला ‘गारंबीचा बापू’. आज पेंडसे म्हटलं की बहुतेकांना आधी बापू आठवतो. पहिल्या पुस्तकालाच सगळं साधावं, ही अट त्यांच्या वाट्यालाही नव्हती. ती तुम्ही स्वतःवर का लादून घेता? पहिला खर्डा कच्चाच असतो. कुठलं प्रकरण पसरट झालं, कुठलं पात्र नुसतंच भाषण देतं, हे शेवटचं पान लिहून झाल्यावरच कळतं. म्हणून खर्डा पुरा करा, महिनाभर त्याच्याकडे बघू नका, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा आणि ते पुन्हा लिहा.

आपल्या लेखनाविषयी शंका येते, कारण चांगलं काय ते तुम्हाला कळतं. खर्डा तपासायला बसाल तेव्हा हीच जाण कामी येईल. तोवर तिला थोडं थांबायला सांगा आणि पुढचं पान लिहा.