सदका आणि कर्ज

रमजानच्या शेवटच्या जुम्याला मशिदीच्या पायऱ्यांवर किती अपंग माणसे बसलेली असतात, हे जळगाव-धुळ्यात कुणाला सांगावे लागत नाही. नमाज आटोपून आपण बाहेर येतो, त्यांच्या हातावर पैसे ठेवतो आणि हलक्या मनाने घरी जातो. पण ही माणसे पायऱ्यांवरच का? आत, आपल्या शेजारी, सफमध्ये का नाहीत? हा प्रश्न आम्हालाही उशिरा पडला; आणि तो मशिदीत नव्हे, शाळेत पडला.

आम्ही धुळ्यातल्या उर्दू शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला ऐकू येत नसे. वडील यंत्रमागावर कामाला. आम्ही सारे शिक्षक त्याला फार जपत होतो. धडा वाचायला उठवत नव्हतो, गृहपाठ विचारत नव्हतो, दरवर्षी वरच्या वर्गात पाठवत होतो. एक दिवस त्याची आई दिव्यांग प्रमाणपत्राचा कागद घेऊन आली. कागद मराठीत, तिला वाचता येई ते उर्दू. आम्ही तो भरत असताना तिने हळूच विचारले, "सर, तुम्ही याला इतके जपता, मग याला स्वतःचे नाव का लिहिता येत नाही?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आमची दया खोटी नव्हती. पण तिनेच त्याची चार वर्षे खाल्ली होती. मग त्याला पहिल्या बाकावर आणले, फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडले, प्रत्येक नवा शब्द लिहून दाखवू लागलो. पैसा लागला नाही. आमची सवय तेवढी मोडावी लागली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. म्हणजे मशिदीच्या त्या पायऱ्यांचा विचारही या कायद्याने केला आहे.

काहीजण म्हणतात, हक्काची भाषा आली की माया आटते. आम्हाला तसे वाटत नाही. सूरह अबसची हकीकत आपण सारे जाणतो. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना अंध सहाबी इब्ने उम्मे मक्तूम हुजूरांकडे (स.) आले. ते मागायला नव्हे, शिकायला आले होते. पुढे त्यांनी मदिन्यात अजान दिली. हुजूर बाहेरगावी असताना मदिन्याचा कारभारही त्यांच्यावर सोपवला गेला. त्यांना नुसती खैरात नव्हे, जबाबदारी मिळाली. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' केंद्रात दिव्यांग मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तीही शिकायलाच आलेली आहेत.

आपल्याकडे हुकूकुल इबाद म्हणतात. माणसाचा हक्क मारला तर ज्याचा मारला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही. सदका देणाऱ्याला सवाब मिळतो. कर्ज फेडणारा मात्र कुणावर उपकार करत नाही. त्या मुलाला शिकवणे हे आमच्यावरचे कर्ज होते आणि आम्ही ते सदका समजून थोडे थोडे देत होतो.

कायदा शाळेत जागा देईल. पण पाहुणे आले की अपंग मुलीला आतल्या खोलीत बसवणारे आपणच, आणि लग्नाच्या दावतीला तिला घरी ठेवून जाणारेही आपणच. तिथे कोणता अधिकारी येणार?

या ईदला सदका जरूर द्यावा. सोबत आपल्या मशिदीच्या पायऱ्या मोजाव्यात, आणि मोहल्ल्यात कोणत्या घरातले मूल शाळेत येत नाही, ते दार वाजवून विचारावे.